धाकलीची ओंजळ

बसा. जवळ सरका सगळी. ते मोबाईल खिशात घाला, त्या उजेडाला गोष्ट बुजती. कंदील तेवढा असू दे मधी. संपत, तू का असा लांब बसलास? ये की. आमचं सगळ्यांचं गोणपाट बुडाखाली, आणि तुझं गुंडाळून मांडीवर. खडा टोचंल. बरं बाबा, बस तसाच.

ऐका. राखणीला बसायचं म्हंजी गोष्ट पाहिजे. न्हाईतर डोळं मिटत्यात, आणि डोळं मिटलं की कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीला पाय फुटत्यात. हसू नका, खरं सांगते. मी ह्या डोहावर किती उन्हाळं काढलं, मला विचारा.

आता डोह आंधारात दिसत न्हाई, पण गार वास येतोय बघा. त्यो वास हाय तवर गाव हाय. सूनबाई, तू औंदाच आलीस नांदायला, म्हणून तुला सांगते. बाकीच्यांनी परत ऐका, काही बिघडत न्हाई. ह्या डोहाची आपल्याकडची बाजू सगळा खडक. पायऱ्या केल्यासारखा खाली उतरत गेलाय. जुन्या माणसांनी त्या उतरणीवर वरपासनं तळापतोर सात खोबणी खोदल्या आणि एकेका खोबणीत एकेक धोंडा बसवला, शेंदूर लावून. त्या साती आसरा. पाण्यातल्या बाया. सात बहिणी. सगळ्यात वर थोरली, पार तळात धाकली.

पाणी उतरत जाईल तशी एकेक बहीण उघडी पडती. आणि बहीण उघडी पडली की गावानं एक काम बंद करायचं. थोरली दिसली की उसाचं पाणी तोडायचं. दुसरी दिसली की बागाईत बंद, मग ती ढबू मिरची का असंना. काय संपत? पुढं वैरण, पुढं घराची बांधकामं, पुढं धुणं, असं उतरत उतरत जायचं. सहावी दिसली तर गुरं पाव्हण्यांकडं धाडायची आणि माणसांनी मोजून प्यायचं. आणि सातवी? तिला कुणी बघितली न्हाई. ती दिसल्यावर काय करायचं, ते जुन्या माणसांनी सांगून ठेवलंच न्हाई. कुणाला सांगायचं? गाव तर उरलं पाहिजे.

बहीण दिसली की दुसऱ्या दिवशी घरटी एक माणूस डोहावर येतं, उजवा हात पाण्यात बुडवतं आणि माझं अमुक बंद म्हणून सगळ्यांदेखत बोलतं. हात बुडवणं म्हणत्यात त्याला. आज दिवस मावळताना दुसरीचं कपाळ दिसलं. उद्या हात बुडवणं. म्हणून आजची रात आपण हितं.

बरं. आता ऐका, ही रातभर राखण कशी सुरू झाली.

केरबा म्हणून एक माणूस व्हता. आता तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक हाय, केरबा म्हंजी माझा बाप. पण गोष्टीत त्याला मी केरबाच म्हणते. बाप म्हटलं की जीभ अडती, आणि मग खरं निघत न्हाई.

तवा मोटा जाऊन इंजनं यायला लागलेली. केरबानं इंजन घेतलं, आणि त्या साली अख्ख्या गावात पहिल्यांदा आलं लावलं. बेणं आणलं सासुरवाडीचं. मेव्हणा म्हणाला व्हता, दाजी, तुमच्या त्या रानात आलं न्हाई येत, तिथं कुसळंच बरी. हे केरबाला लागलं. अक्षय तृतीयेला त्यानं लागण केली. रोज उठून सऱ्यांत उकिडवा बसायचा, कोंब आला का बघायला. बायको म्हणायची, माझ्याकडं एवढं बघितलं असतंत तर माझाबी जन्म सुधारला असता. हौसा तिचं नाव. तोंडानं तिखट व्हती, पण माणूस सोनं.

कोंब आलं. बोटभर, हिरवंगार, सगळ्या रानात एका दमात. आणि नेमकं त्याच आठवड्यात पाणी उतरलं. संध्याकाळी दुसरीचं कपाळ उघडं पडलं. म्हंजी उद्या हात बुडवणं, आणि परवापासनं आलं बंद. मृगाला अजून लई दिवस. कोंब तवर कुठलं टिकतंय?

आता ह्यातली गोम ऐका. शेंदराचा मान तवा दर सालाला एका घराला असायचा. त्या घरानंच आसरांना शिवायचं, दुसऱ्या कुणी बोट लावायचं न्हाई. आणि त्या साली मान कुणाचा? केरबाचा. म्हंजी त्या धोंड्याला ज्यो एकटा हात लावू शकतो, त्याचंच आलं वाळायचं. कुंपणानं शेत खावं अशी येळ आली.

केरबाच्या डोक्यात आलं, पाणी काय आपल्याला वाढवता येत न्हाई. पण धोंडा खाली सरकवता येतो. दुसरी बहीण हातभर खाली बसवली तर सकाळी लोक येतील, बघतील, कपाळ दिसत न्हाई, रातीत पाणी चढलं म्हणतील आणि घरी जातील. कुणाचं काय जातंय? डोह भरलेला तर दिसतोय.

हे असं असतं बघा. चोरी करायच्या आधी माणूस स्वतःला विचारतो कुणाचं काय जातंय, आणि उत्तर द्यायला तिथं दुसरं कुणी नसतं.

रात पडली. जेवण झालं. केरबानं पहार घेतली, गोणपाट घेतलं आणि इंजनाकडं झोपायला जातो म्हणून सांगितलं. हौसा म्हणाली कंदील घ्या. नको म्हणाला. दाराशी त्याची लेक झोपली व्हती, तिला ओलांडून गेला. ती लेक म्हंजी कोण ते तुम्हाला ठाऊक हाय.

वरचा गाडीरस्ता सोडून त्यो खालच्या वाटेनं निघाला, त्या बाभळीतल्या. अमावस्या नव्हती, पुनव नव्हती, साधी रात व्हती. भुताला काय पंचांग लागतंय व्हय?

थोडं गेला. मागं आवाज. चपक. चपक. ओल्या पायानं कुणी चालावं तसा. वाटंत तर फुफाटा, पायाचा घोटा बुडंल एवढा. ओलं पाऊल येणार कुठनं? केरबा थांबला. आवाज थांबला. त्यो चालला. चपक. चपक. त्यानं मागं वळून बघितलं. कोण न्हाई. पण फुफाट्यात पावलं उमटलेली. ओली. बाईमाणसाची. त्याच्या पावलात पाऊल टाकून आलेली.

शहाणा असता तर तिथनंच फिरला असता. पण फिरायचं म्हंजी मागं जायचं, आणि मागं तर ती पावलं! म्हणून पुढं गेला. भ्यालेलं माणूस पुढंच जातंय बघा, त्याला शूर म्हणू नका.

डोहावर आला. धोतर खोचलं. पाण्यात उतरला, दुसरीजवळ. हात जोडलं त्यानं, ते मातर जोडलं. मग पहार लावली. वाटलं व्हतं इतक्या वर्षांचा धोंडा, घाम काढंल. पण पहारीचं टोक लागलं न लागलं, आणि धोंडा आपसूक वर आला. झोपलेलं लेकरू उचलावं तसा हातात आला. केरबाला बरं वाटलं. म्हणाला, तिचीबी मर्जी दिसती.

पहार काठावर ठेवली. धोंडा छातीशी धरला आणि हातभर खाली पाय टाकला, धोंडा पाण्यात ठेवायला. पाण्यात ठेवायला म्हणून वाकला. आणि पाणी न्हाई.

ऐका हां. पाणी हातभर खाली सरकलं व्हतं. आवाज न्हाई, लाट न्हाई. मघाशी गुडघ्याला व्हतं, आता पायाखाली कोरडा खडक.

केरबाला वाटलं आंधारात चुकलो. अजून एक पाऊल खाली टाकलं. वाकला. पाणी अजून खाली. तिसरी बहीण उघडी पडलेली. आणि तिच्या खोबणीशी एक बाई बसलेली, पाठमोरी. केस मोकळं. केसांतनं पाणी निथळतंय. मान न वळवता ती म्हणाली, "अजून थोडं खाली ठेव."

ओरडावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आवाज फुटंना. धोंडा टाकावा म्हणून हात सोडलं, हात सुटंनात. तळहात धोंड्याला चिकटलेलं. आणि पाय? पाय त्याचं ऐकतच नव्हतं. पाय खालीच उतरत व्हतं.

चौथी. तिथंबी बाई, पाठमोरी. हिच्या केसांतनं चिखल निथळतोय. म्हणाली, अजून थोडं खाली ठेव. आणि त्याच दमाला काठावरनं आवाज आला, गुरांच्या घंटांचा. रातचं गुरं कोण हाकतंय? घंटा लांब लांब गेल्या आणि थांबल्या.

पाचवी. हिच्या केसांतनं वाळू निथळतीया. कोरडी वाळू, सर्रर्र. अजून थोडं खाली ठेव. वर काठावर घागरी एकमेकीवर आपटल्या. रिकाम्या घागरीचा आवाज तुम्हाला ठाऊक हाय. त्याला काय सांगावं लागत न्हाई.

आता धोंडा जड झालता. आधी लेकरू व्हतं, आता त्याचं जातं झालं, आता रांजण झाला. केरबाच्या छातीत कळ यायला लागली. वर बघितलं तर काठ किती उंच! ताऱ्यांची एवढीशी पट्टी दिसती. गावातल्या कुणी डोह असा आतनं बघितलेला न्हाई. आपण ज्याला पाणी म्हणतो, त्याच्याखाली एवढी मोठी जागा हाय, हे त्याला तवा कळलं. एवढी मोठी आणि एवढी रिकामी.

सहावी. हिच्या केसांतनं काहीच निथळत नव्हतं. केस वाळून काड्या झालेलं. ती काही बोलली न्हाई. वर बैलगाड्या चालल्या व्हत्या. एकामागं एक, चाकं करकरत. भांडी, खाटा, कोंबड्या, सगळ्याचा आवाज. गाव चाललं व्हतं. त्यात हौसाचा आवाज आला, लेकीला हाक मारायचा. उठ ग, चल, म्हणत व्हती. पुन्हा पुन्हा तेच म्हणत व्हती. मग ती एकदम गप झाली. सगळंच गप झालं. कुत्रंसुदिक भुंकंना.

केरबा तळात पोचला.

तिथं धाकली बसली व्हती. ती पाठमोरी नव्हती. समोर तोंड करून बसली व्हती. लहान पोर. परकर नेसलेली, आणि त्यो परकर केरबानं वळखला. चौंडेश्वरीच्या जत्रंत त्यानंच लेकीला घेतला व्हता. दोन्ही हाताची ओंजळ करून बसली व्हती, आणि ओंजळीत पाणी. अख्ख्या डोहात तेवढंच. बोटांच्या फटीतनं गळू नये म्हणून तिनं हात एकमेकाला असं घट्ट दाबलं व्हतं, की कांडी पांढरी पडली व्हती.

तिनं वर बघितलं आणि विचारलं, "एवढंच ऱ्हायलंय. आल्याला घालू, का तुझ्या लेकीला?"

रागानं न्हाई विचारलं. पोरं विचारत्यात तसं, खरंच ठाऊक नसल्यावाणी विचारलं.

केरबानं ओंजळीत बघितलं. आपलं तोंड दिसंल असं त्याला वाटलं. पण तिथं त्याचं तोंड नव्हतं. तिथं माणसं व्हती. बाया, गडी, म्हातारी, कडंवरची पोरं. त्याची आई व्हती. तिची आई व्हती. त्याच्यामागं ज्यांना त्यानं कधी बघितलं न्हाई ती, ज्यांनी ह्या खोबणी खोदल्या ती, जी जी ह्या डोहाचं पाणी प्याली ती सगळी. एवढ्याशा ओंजळीत सगळी मावली व्हती. आणि सगळी वर, त्याच्याकडं बघत व्हती. कुणी शिवी दिली न्हाई. कुणी डोळं वटारलं न्हाई. नुसती बघत व्हती. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्यो मरंस्तोर म्हणायचा.

त्यानं जीव एकवटला आणि म्हणाला, "लेकीला."

"मग हिला जागंवर ठेव," धाकली म्हणाली. "आणि मागं बघू नको."

असं म्हणून तिनं ओंजळ उलटी केली. एक ओंजळ पाणी. ते खडकावर पडलं आणि पसरलं. पसरलं आणि वाढलं. त्या एका ओंजळीचा डोह व्हायला लागला. खालनं आवाज आला, असा आवाज, की धरणी कूस बदलतीया. माझ्या अंगावर अजून काटा येतो. बघा, हात बघा.

केरबा पळाला. वर. छातीशी त्यो धोंडा, रांजणाएवढा जड. पाणी टाचेला लागलं. पोटरीला आलं. खडक बुळबुळीत. सहावी गेली, पाचवी गेली. त्यो वर चढला की मागं पाण्यात बूड टेकल्याचा आवाज यायचा, एकेक बहीण जागंवर बसत व्हती. पाणी कमरेला आलं. आणि तिथं, चौथीच्या वर, त्याचं हात सुटलं. मघापासनं चिकटलेलं हात आपसूक सुटलं.

आता बघा, ही खरी परीक्षा. मघाशी टाकता येत नव्हतं म्हणून धरलं व्हतं. आता टाकता येत व्हतं. धोंडा टाकला तर पोहत वर जाता येतंय, जीव वाचतोय. धरला तर बुडायची पाळी. केरबानं धोंडा धरला. दोन्ही हातांनी, पोटाशी, धरला. मला कुणी विचारलं, तुझा बाप कसा माणूस व्हता, तर मी त्या रात्रीतला एवढाच वखत सांगते.

पाणी छातीला आलं, गळ्याला आलं, नाकात गेलं. पायाला दुसरीची खोबण लागली. त्यानं डोळं मिटून पाण्याखाली धोंडा आत लोटला. धोंडा बसला. आणि पाणी हटलं. हटलं ते किती? दुसरीचं कपाळ उघडं ऱ्हाईल, एवढंच. संध्याकाळी जेवढं व्हतं तेवढंच. ना बोट वर, ना बोट खाली.

उजाडताना बाया पाण्याला आल्या. पुढं गजराक्का. गावातली जाणती बाई, तिचं पाटीलसुदिक ऐकायचा. बघती तर केरबा गुडघाभर पाण्यात, दुसरीला मिठी मारून बसलेला. काठावर पहार पडलेली. गजराक्कानं पहार बघितली, केरबा बघितला, आणि सगळं समजली. म्हणाली, "केरबा, हात बुडवायला लईच लवकर आलास."

केरबानं काही लपवलं न्हाई. गाव जमल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, पहारीपासनं ओंजळीपतोर. दोघं तिघं हसली. भित्र्या, सपान पडलं म्हणाली. तवा त्यानं तळहात उघडून दाखवलं. दोन्ही तळहात शेंदरी. धुतलं, घासलं, राखेनं घासलं, गेलं न्हाई. मरंस्तोर गेलं न्हाई. मला त्यो ओंजळीनं पाणी पाजायचा, तवा पाणीबी लाल दिसायचं. मला वाटायचं सगळ्यांच्या बापाचं हात असंच असत्यात.

सगळ्यात आधी त्यानं हात बुडवला. म्हणाला, माझं आलं बंद. आलं वाळलं. सगळं. हौसा त्या सऱ्यांतनं चालायची तर पायाखाली कोंब चुरगळायचं आणि आल्याचा वास यायचा. ती रडली. केरबा रडला न्हाई, पण त्यो महिनाभर रानाकडं गेला न्हाई.

आणि त्या साली पाऊस कसा आला ठाऊक हाय? आलाच न्हाई. मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या गेल्या. तिसरी दिसली, चौथी दिसली, पाचवी दिसली. दर येळंला गाव आलं, हात बुडवलं. कुणी कुरकुर केली की लोक केरबाच्या हाताकडं बघायची. शेवटी सहावी दिसली. गुरं धाडली. घरटी मोजून पाणी. पण गाव उठलं न्हाई. सहावीच्या पायाखालचा खडक वाळायला लागला, त्या राती आभाळ फुटलं. धाकली झाकलेली ती झाकलेलीच ऱ्हायली. आता हिशोब तुम्हीच करा. केरबाचं आलं प्यालं असतं, आणि त्याचं बघून बाकीच्यांचं, तर मधल्या त्या दिवसात आपण काय प्यालो असतो?

पाऊस झाल्यावर केरबा निघाला. नदीच्या वरच्या अंगाची गावं, खालच्या अंगाची गावं. चावडीवर जायचा, तळहात दाखवायचा, आणि म्हणायचा, तुमच्या पाण्याची बहीण कोणती ते ठरवा, आणि ती दिसली की थांबा. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी कुत्री अंगावर घातली. पण आज नदीकाठच्या किती गावांत धोंडं बसलेत, जाऊन बघा. वरचं गाव पाणी तोडतं म्हणून आपल्या डोहाला पाणी येतं. आपण तोडतो म्हणून खालच्याला. आणि आपल्या गावात त्यानं दोन गोष्टी बदलायला लावल्या. मान एका घराला द्यायचा न्हाई, चार घरांना द्यायचा. आणि बहीण दिसली त्या रातीला घरोघरच्या माणसांनी मिळून राखणीला बसायचं. लोक म्हणाली, देवाला काय राखण? त्यो म्हणायचा, देवाला न्हाई, केरबाला राखण.

झालं. एवढीच गोष्ट. च्या ठेवा आता कुणीतरी.

एक मातर ध्यानात ठेवा. त्या बाभळीतल्या वाटेनं दिवस मावळल्यावर येऊ नका. मोकळ्या हातानं आलात तर कदाचित काही व्हणार न्हाई. पण हातात काही घेऊन, मनात काही धरून कुणी यायचं न्हाई. केरबाला धाकलीनं एकदा विचारलं. ती दुसऱ्या खेपंला विचारंल, असं कुणी सांगितलंय?

संपत, तू बसतोस का जरा? उठून कुठं निघालास? ऐक. तू आज वरच्या रस्त्यानं आला न्हाईस. मी हितं कधीची बसले व्हते, आणि कंदील माझ्या हातात व्हता. तू बाभळीतनं आलास. तू फुफाट्यातनं चालत आलास आणि तुझ्यामागं जी पावलं उमटत आली ती ओली व्हती. मी बघितली. तुला म्हटलं न्हाई, उगीच भ्यायला नको म्हणून. म्हणून तर आज हीच गोष्ट काढली.

तुझ्या मिरचीचं मला वाईट वाटतंय रे. खरंच वाटतंय. मी आल्याचा वास घेतलेली पोर हाय.

दे ते गोणपाट हिकडं. जड हाय न्हवं? ठेव खाली, कुणी काही म्हणत न्हाई. ह्यातल्या कुणाच्या मनात काय नव्हतं, ते त्याचं त्याला ठाऊक. घरी जायचं तर वरच्या रस्त्यानं जा, हे दोघं येतील सोबतीला.

आणि तुझी पोरगी केवढी झाली आता? परकर नेसती का? उद्या हात बुडवायला येताना तिला संगं घेऊन ये.